जांभ्याची धूळ आणि एअर फिल्टरची निवड

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून मुंबई-गोवा महामार्गाला लागायचे तर आधी सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावरून, सहा किलोमीटर जावे लागते, आणि त्यातले निम्मे अंतर जांभ्याचे चिरे कापून काढणाऱ्या खाणींच्या कडेकडेने आहे. पाऊस सरून रस्ता सुकला की चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकांची ये-जा सुरू होते ती थेट मेअखेरीपर्यंत चालते. त्यांच्या चाकांखाली जांभ्याचा चुरा दळला जाऊन पिठासारखा होतो, आणि एका ट्रकामागे उठलेली लाल धूळ खाली बसेपर्यंत पुढचा ट्रक येतो. मार्च उजाडेपर्यंत रस्त्याकडेच्या काजूंचा हिरवा रंग दिसेनासा झालेला असतो. नेमक्या याच महिन्यांत आमची डिझेल पिकअप आंब्याच्या पेट्या घेऊन दिवसाआड वाशीला निघते. वर्षभरातले तिचे सर्वांत जड काम सर्वांत धुळकट हवेत होते, आणि म्हणून इंजिनाचा एअर फिल्टर कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्या घरात टायर किंवा बॅटरीच्या प्रश्नाइतक्याच गांभीर्याने घेतला जातो.

त्यामागे एक खर्चिक अनुभव आहे. तीन हंगामांपूर्वी एप्रिलमध्ये गाडी इंजिन ऑईल पिऊ लागली. दर दोन फेऱ्यांनी अर्धा लिटर ऑईल घालावे लागे, चढावर दम कमी पडे, आणि इंजिन चालू असताना ऑईल भरण्याचे झाकण उघडले की आतून फुंकर मारल्यासारखा धूर बाहेर येई. आमच्या मेस्त्रींनी इंजिनाला हात लावण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर चारच महिन्यांपूर्वी बदललेला होता आणि त्याचा बाहेरचा कागद लाल झाला होता, तेव्हा तो आपले काम नीट करत आहे असेच मला वाटले. मेस्त्रींनी मग डब्यापासून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जाणारा रबरी पाइप सोडवला, त्याच्या आतून बोट फिरवले आणि ते माझ्यासमोर धरले. "ताई, हा पाइप फिल्टरच्या पुढचा. इथे बोट तेलकट काळं झालं असतं तर चाललं असतं, पण हे लाल आहे." टर्बोच्या पात्यांच्या कडा बोथट झालेल्या होत्या, आणि इंजिन उतरवल्यावर पिस्टनभोवतीच्या रिंगा व सिलिंडरचे आतले अस्तर, म्हणजे लायनर, दोन्ही वेळेआधी झिजलेले निघाले. ऐन हंगामात गाडी बारा दिवस उभी राहिली आणि आमचा आंबा भाड्याच्या गाडीने पाठवावा लागला.

फिल्टरचा कागद कुठेही फाटलेला नव्हता. दोष होता तो टोकाच्या रबरी कड्यात. रबर डब्याच्या तोंडावर सगळीकडून सारखे दाबले गेले की त्याच्यावर एक अखंड वळ उमटतो. आमच्या फिल्टरच्या रबरावर चार बोटे रुंदीच्या जागी तो वळ उमटलाच नव्हता, कारण रबर कडक होते आणि कडे किंचित वाकडे बसवलेले होते. तेवढ्या फटीतून चार महिने हवा कागदाला वळसा घालून थेट इंजिनात जात होती. तो फिल्टर मीच निवडला होता आणि त्याची किंमत मूळ फिल्टरच्या निम्म्याहूनही कमी होती. वाचलेल्या काही शे रुपयांपायी जे इंजिनकाम निघाले, त्यानंतर मी या विषयात जेवढे समजून घेता येईल तेवढे समजून घेतले.

इंजिन किती हवा ओढते याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास धरले तर त्याला ११ किलो हवा लागते, आणि एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असल्यामुळे ती हवा ९ घनमीटर, म्हणजे ९,००० लिटर भरते. डिझेलला लागणारी किमान हवा साधारण तेवढीच असते, पण डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा बरीच अधिक हवा आत घेते. आमची पिकअप वाशीला पोहोचेपर्यंत तीस लिटरच्या आसपास डिझेल जाळते. किमान हिशेब धरला तरी दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दहा खोल्यांत मावणार नाही एवढी हवा एका फेरीत त्या फिल्टरमधून जाते, आणि ती कुठली हवा असते हे मी वर सांगितलेच आहे.

ही धूळ इंजिनाला नेमकी कशी घासते हे समजल्याशिवाय फिल्टरची निवड नीट करता येत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टर-सर्वेक्षकाने मलबारातल्या जांभ्याच्या दगडाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिले, कारण तो जमिनीतून काढतानाच विटांसारखा कापता येत असे. आपल्याकडे आजही चिरा तसाच कापला जातो, फक्त हातातल्या हत्याराच्या जागी यंत्राचे गोल पाते आले आहे आणि त्याबरोबर बारीक भुकटीचे प्रमाण वाढले आहे. जांभ्यात चिकणमातीचा मऊ भाग बराच असतो, पण त्याला लाल रंग देणारे लोहाचे ऑक्साइड मऊ नसते. कठीणता मोजणाऱ्या मोहच्या १ ते १० च्या मापनावर हेमॅटाइट हे लोहाचे ऑक्साइड ५ ते ६.५ च्या दरम्यान येते, तर साधे लोखंड ४ च्या आसपास. रस्त्यावरच्या धुळीत शिवाय क्रशरवरून आलेली काळ्या दगडाची भुकटी असते, बांधकामाची वाळू असते, आणि वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता ७ आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या वर्षांत त्यात सिमेंट-काँक्रीटच्या धुळीचीही भर पडली. असा कण पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये सापडला की दोहोंवर ओरखडे उमटतात. या दोन भागांमध्ये तेलाचा जो थर असतो त्याची जाडी काही मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या जाड कणांपेक्षा साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण अधिक घातक ठरतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे ज्या धुळीपासून इंजिनाला जपायचे, तिचा एक-एक कण केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो.

एवढे कण अडवण्याची क्षमता मोजण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तीत ठरावीक प्रतीची धूळ हवेतून फिल्टरवर सोडतात आणि तीन गोष्टी पाहतात: किती टक्के धूळ अडली, हवेला किती अडथळा झाला, आणि तो अडथळा ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाढेपर्यंत फिल्टरने एकूण किती धूळ पोटात घेतली. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात टक्केवारी दिली असेल तर ती वाचताना मी आता उलटा विचार करते. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के, असे वाचल्यावर फरक दोनच टक्क्यांचा वाटतो. पण शंभर ग्रॅम धुळीतली पहिल्यातून एक ग्रॅम आत जाते आणि दुसऱ्यातून तीन ग्रॅम, आणि इंजिनाची झीज ठरते ती आत गेलेल्या धुळीवरून. या हिशेबाने दुसरा फिल्टर पहिल्याच्या तिप्पट वाईट आहे.

याच कारणाने धुवून पुन्हा वापरायच्या सुती फिल्टरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. माझ्या धाकट्या भावाने आमच्या पेट्रोल गाडीला तसा फिल्टर बसवला होता. जाळीत घट्ट धरलेल्या सुती कापडाच्या थरांना तेल लावलेले असते आणि धूळ त्या तेलाला चिकटते, अशी त्याची रचना असते. हवा त्यातून मोकळी जाते हे खरे आहे, आणि शर्यतीच्या गाडीत, जिथे पूर्ण वेगाला हवेचा प्रत्येक घोट मोलाचा असतो व इंजिन वारंवार उघडले जाते, तिथे त्याचे स्थान मी नाकारत नाही. पण सड्यावरच्या रस्त्याने चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हवा कमी पडते असे कधीच होत नाही. तिथे अधिक मोकळ्या हवेचा उपयोग शून्य आणि अधिक धुळीचा धोका मात्र रोजचा. त्यातही धुतल्यावर तेल कमी लावले तर बारीक धूळ निसटते, आणि जास्त लावले तर तेलाचे कण पुढे जाऊन हवेचे वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसू शकतात. आपल्या दमट हवेत धुतलेला फिल्टर पुरता वाळायला जुलै-ऑगस्टमध्ये किती दिवस लागतील हे कोकणात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. भावाशी दोन महिने वाद घालून मी तो काढायला लावला. बॉनेटखाली डब्याशिवाय उघडे बसवायचे शंकूसारखे फिल्टर तर आपल्याकडे वापरूच नयेत, कारण ते इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतात आणि पावसात चाकांचे उडालेले पाणीही.

तेव्हा रोजच्या वापराला घड्यांचा कागदी फिल्टरच घ्यावा, मग तो लाकडाच्या तंतूंचा असो की कृत्रिम तंतू मिसळलेला. प्रश्न उरतो तो कोणता कागदी फिल्टर घ्यावा हा, आणि त्याचे उत्तर दुकानाच्या काउंटरवरच बऱ्याच अंशी मिळते. मी जुना फिल्टर बरोबर घेऊन जाते. नवा त्याच्याशेजारी ठेवून आधी घड्या मोजते. तेवढ्याच आकारात घड्या कमी असतील तर कागदाचे क्षेत्रफळ कमी, म्हणजे तो लवकर भरणार. घड्यांची उंचीही पाहते, कारण घड्यांची संख्या तीच ठेवून उंची कमी केलेले फिल्टर मी पाहिले आहेत. घड्या हलक्या हाताने दाबल्या तर त्या परत सरळ व्हायला हव्यात. ज्या कागदाला ताठपणा देणारे रेझिन नीट दिलेले नसते तो ओलसर हवेत मऊ पडतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि हवेला वाट राहत नाही. त्यानंतर मोबाइलची टॉर्च आत धरून बाहेरून बघते. उजेड सगळीकडून सारखा झिरपायला हवा. एखादा प्रखर ठिपका दिसला तर तिथे भोक आहे असे समजून फिल्टर परत करते. सर्वांत जास्त वेळ मात्र मी रबराला देते. ते बोटाने दाबल्यावर दबून लगेच मूळ आकाराला यावे, त्याला जोड असल्यास तो उचकटलेला नसावा, आणि सपाट काचेवर ठेवल्यावर कुठेही फट राहू नये. या एका कसोटीवर मी आजवर जितके फिल्टर परत केले आहेत तितके बाकीच्या सगळ्या मिळूनही केले नसतील.

गाडीच्या कंपनीच्याच खोक्यातला फिल्टर घ्यावा का, असे मला पुष्कळजण विचारतात. माझ्या मते तो आवश्यक नाही, पण त्याचा भाग क्रमांक जुळणे आवश्यक आहे. गाडीच्या कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, आणि बॉश, माहले, एलोफिक, फ्लीटगार्ड यांसारख्या फिल्टर बनवणाऱ्यांच्या खोक्यातला माल पुष्कळदा कमी किमतीत चांगला मिळतो. खबरदारी घ्यायची ती नकली मालाची. नामांकित कंपनीचे खोके हुबेहूब छापता येते, पण रबराचा मऊपणा आणि घड्यांची सारखी रेषा यांची नक्कल स्वस्तात होत नाही, म्हणून खोके उघडून दाखवायला तयार नसलेल्या दुकानातून मी फिल्टर घेत नाही. बिल घेते, आणि त्यावर भाग क्रमांक लिहून घेते.

फिल्टर कधी बदलावा याबाबतीत गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. आमच्या पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत ४०,००० किलोमीटर लिहिले आहे, पण धुळीच्या भागात त्याआधी बदलावा असेही खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे, आणि तेच वाक्य आपल्यासाठी आहे. तरीही दर महिन्याला फिल्टर उघडणे मला पटत नाही. वापरलेल्या फिल्टरवर धुळीचा जो पातळ थर बसतो तोच पुढची बारीक धूळ अडवायला मदत करतो, त्यामुळे थोडासा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा अधिक चांगले गाळतो. शिवाय दर वेळी डबा उघडताना कडेची धूळ स्वच्छ बाजूला सांडण्याची शक्यता असते. मळलेल्या फिल्टरने गाडी जास्त पेट्रोल खाते हा समजही नव्या गाड्यांच्या बाबतीत फारसा खरा नाही. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर तुंबला तरी अ‍ॅव्हरेजवर लक्षणीय परिणाम झाला नाही. गाडीची वेग घेण्याची ताकद मात्र कमी झाली. हवा कमी आली की सेन्सरांच्या मापावरून पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी सोडले जाते, हे त्याचे कारण. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत तशी सोय नसल्याने तिथे अ‍ॅव्हरेज घटते. डिझेलमध्ये हवा कमी पडली की काळा धूर येतो आणि भरलेली गाडी चढावर रखडते, आणि आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या घाटात तो फरक लगेच जाणवतो.

गॅरेजमध्ये कंप्रेसरने हवा मारून फिल्टर साफ करून देण्याची जी सर्रास पद्धत आहे तिला माझा विरोध आहे. टायर भरायच्या नळीची पूर्ण दाबाची हवा दोन इंचांवरून कागदावर सोडली तर त्याच्या तंतूंमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी पडतात, आणि फिल्टर दिसायला स्वच्छ पण कामाला निकामी होतो. साफ करणे अगदीच भाग पडले तर ३० पीएसआयपेक्षा कमी दाबाने, लांबून, आणि आतल्या बाजूने बाहेर अशी हवा सोडावी. फिल्टर जमिनीवर आपटू नये, कारण त्याने कडा वाकतात आणि पुन्हा तोच रबराचा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ स्कूटर-मोटरसायकलींमध्ये हल्ली चिकट तेल लावलेला कागद असतो. त्याला हवा मारायची नसते, धुवायचेही नसते, तो ठरलेल्या अंतरावर थेट बदलायचा असतो.

मी दोन्ही गाड्यांचे फिल्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी बदलते. हंगामात धुळीने भरलेला कागद पावसाळी हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि त्यावरच्या लाल थराचे लिंपण होते. धूळ कमी असलेल्या पावसाळ्यात नवा फिल्टर फारसा भरत नाही, आणि नोव्हेंबरात रस्ता सुकेल तेव्हा त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य शिल्लक असते. पिकअपचा मात्र आंब्याच्या फेऱ्या सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत, आणखी एकदा बदलते.

पावसाचा आणि फिल्टरचा दुसरा संबंध अधिक गंभीर आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणात शिरले तेव्हा माझ्या मामेबहिणीची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर भावोजींनी फोन केला की गाडीत चिखल आहे, पण दिवे लागतात, तर सुरू करून बघतो. मी त्यांना चावी न फिरवता आधी बॅटरीची तार काढायला आणि फिल्टरचा डबा उघडायला सांगितले. डब्यात गढूळ पाणी होते आणि फिल्टर लगद्यासारखा झाला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. साधारण १,२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर पोहोचल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये उरणारी जागा जेमतेम ३० ते ३५ मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी असते. त्याहून अधिक पाणी आत असताना इंजिन फिरवले तर पिस्टनला वर-खाली ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांच्या गाडीचे स्पार्क प्लग काढून, पाणी बाहेर फेकून, ऑईल बदलून इंजिन वाचले. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकांनी त्याच दिवशी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला होता, त्यांचे इंजिन उघडावे लागले. तेव्हापासून पावसाळ्याआधी मी डब्याच्या तळाचे पाणी निथळायचे बारीक भोकही तारेने मोकळे करून घेते, कारण तिथे पाने आणि माती अडकून राहतात.

गावाकडच्या गाडीला आणखी एक उपद्रव होतो, तो उंदरांचा. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डब्यात आम्हाला एकदा भाताचे पेंढे, कापसाचे बोळे आणि सोललेल्या काजूंची टरफले सापडली होती, आणि फिल्टरची एक कड पूर्ण कुरतडलेली होती. जी गाडी गणपतीनंतर थेट मेमध्येच बाहेर निघते, ती सुरू करण्याआधी डबा उघडून पाहणे मुळीच टाळू नये.

यंदाही फिल्टर बदलून झाले. पिकअपच्या डब्याखाली, साठलेली धूळ आपोआप बाहेर टाकणारी जी रबरी झडप असते, तिला चीर गेलेली दिसली, म्हणून ती नवी मागवली आहे. झाकणावर पांढऱ्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले. नवा फिल्टर बसवण्याआधी मेस्त्रींनी टर्बोकडचा पाइप सोडवला आणि मी त्याच्या आतून धुतलेले पांढरे फडके फिरवले. फडक्यावर तेलाचा तपकिरी डाग आला, लाल काही आले नाही, आणि मग पाइपाची क्लिप आम्ही पुन्हा आवळली.